पेन्सिलीची तारीख

सांगली,
शनिवार, १ फेब्रुवारी १९९७

ती. जालिंदरमामांना आम्रपालीचा सप्रेम जयभीम.

शनिवारच्या जीपबरोबर नेहमीसारखी फ्लॉपी पाठवतेय. या वेळी पाकिटात पत्रही आहे, कारण फ्लॉपीत काय आलंय ते आधी माझ्याकडून कळलेलं बरं. फोन करता आला असता, पण म्हसवडला तुम्ही ज्या दुकानात फोनवर येता तिथं साखर घ्यायला आलेलं माणूससुद्धा कान देऊन उभं असतं.

काल तुमच्याकडून ट्रक रिकामा परत आला आणि इथं आप्पासोंचा पारा चढला. मालक म्हणून त्यांचं चुकलं नाही. कॉम्प्युटरवरच्या वेळापत्रकात म्हसवडच्या टाकीचा तळाचा स्लॅब १० जानेवारीला पडला असं होतं. मशीननं पुढं स्लॅब पक्का व्हायचे एकवीस दिवस मोजून स्लॅबखालचे टेकू काढायची तारीख ३१ जानेवारी अशी काढली. मी कागद छापला, आप्पासोंनी सही केली, आणि तेच टेकू मलकापूरच्या टाकीला लावायचे म्हणून ट्रक आणि पाच माणसं तुमच्याकडं निघाली. तुम्ही फोनवर सांगितलंत की स्लॅब १० ला नाही, २२ ला पडलाय. मग १० तारीख कुणी टाकली असं विचारलं, तर "बघतो" म्हणून फोन ठेवलात. तेव्हापासून आप्पासो ऑफिसात येरझाऱ्या घालतायत.

आतापर्यंत आपल्या सगळ्या साइट्सना मिळून एकच पासवर्ड होता, आणि तोही भिंतीवर चिकटवलेला. कुणीही यावं आणि कशालाही हात लावावा. आता ते बंद. दानिशनं, म्हणजे मिरजेहून लुनावर येणाऱ्या आपल्या प्रोग्रामवाल्यानं, प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिलाय. एक तक्ता आहे. डाव्या बाजूला माणसांची नावं, वर सहा रकाने: बघणे, नवीन काम घालणे, तारीख टाकणे, तारीख बदलणे, काम पुसणे, छापणे. प्रत्येक चौकोनात 'हो' किंवा 'नाही'.

तुमच्या नावापुढं सध्या एकच 'हो' आहे, बघण्याखालचा. झालेल्या कामाची चिठ्ठी तुम्ही जीपबरोबर पाठवायची आणि तारीख मी इथून टाकायची. हे सगळं दानिशनं ठरवलंय, मनाला लावून घेऊ नका. तुमच्या शेडमध्ये कोण कोण येऊन मशीनपुढं बसतं ते मात्र जरा आठवून कळवा.

आई विचारते, खोकला कसा आहे.

तुमची,
आम्रपाली


म्हसवड,
शनिवार, ८ फेब्रुवारी

चि. आम्रपालीस जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र, फ्लॉपी आणि माझे पाच 'नाही', तिन्ही एकाच पाकिटातून पोचले. खोकला बरा आहे असं भामाक्काला सांग. मशीनवर तुझ्या मामीचं जुनं लुगडं पांघरतो, त्यामुळे माणदेशातली धूळ त्याला कमी आणि मला जास्त लागते.

सोमवारी नवी फ्लॉपी घातली, माझं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. सगळी टाकी समोर दिसली. पायापासून शिडीपर्यंत एकेक काम ओळीनं. निम्मी कामं मी स्वतः त्यात घातलेली, दिवाळीत तू शेजारी बसून शिकवलंस तेव्हा. एका तारखेवर जाऊन बटण दाबलं, तर पीक करून आवाज आला आणि खाली अक्षरं उमटली, "आपणास अधिकार नाही." पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. निजामभाई दारात बिडी ओढत बसले होते. त्यांनी विचारलं, "काय म्हंतंय रं ते?"

मी म्हटलं, "बघा म्हंतंय, पन हात लावू नका."

"म्हंजी पावण्यावानी," म्हणाले, आणि हसले. मीही हसलो. पण खरं सांगतो, पोरी, त्या दिवशी पुन्हा मशीन उघडलं नाही.

तू सहा वर्षांची असताना कराडच्या साइटवर माझ्यासाठी लेव्हलची नळी धरून उभी राहायचीस. नळीतलं पाणी हललं की मी काही बोलायच्या आत म्हणायचीस, "मामा, मी न्हाई हलवलं." तेव्हा मी कुणाला नळी धरायला द्यायची ते ठरवत होतो. आता तो दानिश ठरवतो. त्याच्यावर राग नाही. त्यानं मला पाहिलेलं नाही आणि मी त्याला, त्याच्यापुढं मी एक ओळ आहे.

मशीनपुढं कोण बसतं म्हणून विचारलंस. ते सोड आता. एक मात्र ध्यानात ठेव, निजामभाईंचं नाव कुणी त्यात ओढू नका. सेंट्रिंगचा एवढा मोठा मिस्त्री, पण मशीनपासून चार हात लांब राहतो, म्हणतो त्याला हात लावला की शॉक बसतो.

स्लॅबवर पाणी मारणं चालू आहे. टँकर दोन दिवसांआड येतो, तरी स्लॅबवर पसरलेली ओली पोती सुकू दिली नाहीत. टेकू बुधवारी १२ तारखेला काढू, एकवीस दिवस पूर्ण करून. चिठ्ठी सोबत जोडली आहे, कारण आता मी चिठ्ठीचा माणूस. जुनं रजिस्टरही ट्रंकेतून बाहेर काढलं आहे. पेन्सिल कानावर बसली की जरा बरं वाटतं.

ही टाकी पाण्यानं भरलेली बघितली की घरी मलकापूरला जाईन म्हणतो. या कामात सत्तावीस वर्षं झाली. बघायचंच असेल तर घराच्या ओट्यावरूनही दिसतं.

तुझा मामा,
जालिंदर


सांगली,
१५ फेब्रुवारी

ती. मामांना सप्रेम जयभीम.

टेकू सुखरूप निघाल्याची चिठ्ठी मिळाली, आणि तुमची तारीख माझ्या हातानं मशीनमध्ये टाकली. टाकताना काही बरं वाटलं नाही एवढंच सांगते.

पण घरी जाण्याचं काय काढलंत? तुम्ही रुसलात की कामाला लागता हे मला माहीत आहे, रुसून घरी बसलेले कधी पाहिले नाहीत. आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याला म्हनावं, लहानपणी गोटी हरवली तरी आसंच करायचास." आता पुढचं ऐका, कारण हे रुसव्यापेक्षा मोठं आहे.

आप्पासोंनी मनाशी पक्कं धरलंय की १० तारीख निजामभाईंच्या सांगण्यावरून पडली. त्यांचा हिशेब सोपा आहे. जानेवारीत निजामभाई दहा-अकरा दिवस साइटवर नव्हते हे त्यांना कुणाकडून तरी कळलंय. काम मिस्त्रीमुळं लांबलं, मग अंगावर येऊ नये म्हणून मिस्त्रीनं कुणाला तरी तारीख टाकायला लावली. काल म्हणाले, "मान्साचं वय झालं की आसं हुतं. मलकापूरच्या टाकीला दुसरा सेंट्रिंगवाला बघा." म्हणून आज तुम्हालाच विचारते.

मामा, खरं काय ते सांगा. निजामभाईंनी सांगितलं असेल तर तसं सांगा. तुम्ही त्यांना पाठीशी घालताय असं मला तुमच्या पत्रावरून वाटतंय. इतकी वर्षं जोडीनं काम केलंय, मला समजतं. पण ट्रकमधली माणसं टेकू ठोकून काढायलाच आली होती. तुम्ही तिथं नसतात तर स्लॅब कुणाच्या डोक्यावर आला असता या विचारानं मला अजून कसंतरी होतं. कागद मी छापला होता.

कुणी रागावणार नाही असं म्हणत नाही. पण मला तरी खरं सांगा.

तुमची,
आम्रपाली


म्हसवड,
२२ फेब्रुवारी

चि. आम्रपालीस आशीर्वाद.

पाणी मीच हलवलं.

तुझं पत्र आल्यापासून आठवडाभर हे एक वाक्य लिहायचं राहिलं होतं, ते लिहून झालं. आता बाकीचं लिहितो, आणि हे पत्र तू आप्पासोंना दाखवावंस अशी माझी इच्छा आहे.

९ जानेवारीला स्लॅबची सगळी तयारी झाली होती. पत्रे बसले, सळई बांधली, खडी-वाळू येऊन पडली. राहिलं होतं एकच काम. निजामभाई स्लॅब ओतण्याआधी खालून फिरतात आणि प्रत्येक टेकूवर लाकडाची मोगरी मारून आवाज ऐकतात. टेकू घट्ट असला तर आवाज वेगळा, ढिला असला तर वेगळा. मला तो फरक आजवर कळलेला नाही. त्यांनी ऐकल्याशिवाय मी एकही स्लॅब ओतलेला नाही, आणि आपला एकही स्लॅब खाली आलेला नाही. त्या दिवशी दुपारी मिरजेहून निरोप आला. त्यांची लेक फिरदोस बाळंतपणाला दवाखान्यात होती आणि तिची तब्येत बिघडली होती. ते तसेच चपला घालून निघाले. रजेचा कागद नाही, काही नाही. मीच म्हटलं, जावा, इथलं मी बघतो.

आता रजिस्टरचं सांगतो. ते तुला ठाऊक नाही, कारण तू आलीस ती मशीनवर. पूर्वी दर आठवड्याला माझं रजिस्टर सांगलीला जायचं. ज्या कामाची तयारी झाली, पण काम अजून झालं नाही, त्यापुढं मी पेन्सिलनं तारीख लिहायचो. काम झालं की रबरानं पुसून त्याच जागी शाईनं खरी तारीख. तुझ्या आधी ऑफिसात जोतिबा कारकून होते, त्यांना हे पाठ होतं. पेन्सिल दिसली की समजायचं, काम हातात आहे, साइटवर विचारत बसू नका, आणि त्या तारखेवर विसंबून पुढचं काही हलवूही नका. शाई दिसली की हलवा. हे कुणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. माझ्या आधीचा मुकादम तसंच करायचा, त्याचं बघून मी शिकलो.

११ तारखेच्या फ्लॉपीत मी स्लॅबपुढं १० टाकली. उशीर दिसला की निजामभाईंच्या नावापुढं मशीन लाल ओळ काढतं, आणि पोरगी दवाखान्यात असताना माणसाच्या नावावर लाल ओळ नको वाटली. मनात होतं, ते आले, स्लॅब पडला की बदलू. म्हणजे मी त्या चौकोनात पेन्सिलनंच लिहिलं होतं, ग. मशीनकडं पेन्सिल नसते हे ध्यानातच आलं नाही. ती एक तारीख धरून ते पुढचे एकवीस दिवस आपण होऊन मोजून टाकतं हेही मला माहीत नव्हतं. निजामभाई आले, आम्ही २२ ला स्लॅब ओतला, आनंदात आणि पाणी मारायच्या धांदलीत माझी पेन्सिल पुसायची राहून गेली.

आणि तू लिहिलंस, तुम्ही तिथं नसतात तर. पोरी, मी तिथं नव्हतोच. ३१ तारखेला मी टँकर आणायला गेलो होतो. परत आलो तर ट्रक उभा, माणसं हातोडे घेऊन स्लॅबखाली, आणि मधल्या टेकूला पाठ लावून निजामभाई खाली बसलेले. ट्रकबरोबरचा माणूस सहीचा कागद नाचवत होता. "साहेबाची आर्डर हाय, उठा," म्हणत होता. निजामभाई म्हणाले, "आर्डर बराबर आसंल. आदी मला काढा, मंग टेकू काढा." मी येईपर्यंत तासभर ते तिथून उठले नव्हते.

तेव्हाच त्यांना कळलं होतं की तारीख माझी. ट्रक गेल्यावर त्यांनी मला फक्त विचारलं, "च्या पितोस का?" त्या तारखेबद्दल आजपर्यंत एक शब्द नाही. आणि मी त्या माणसाला वाचवायला गेलो आणि त्याचंच काम घालवून बसलो. मला भीती वाटली होती. सत्तावीस वर्षांत ऑफिसनं माझ्या तारखेला कधी शंका घेतली नाही, तेवढीच माझी कमाई, ती जाईल म्हणून "बघतो" म्हणून फोन ठेवला.

तो शेवटचा 'हो' पण काढून टाका. पण मलकापूरला सेंट्रिंग निजामभाईच करतील असं आप्पासोंना सांग.

तुझा मामा,
जालिंदर


सांगली,
१ मार्च

ती. मामांना सप्रेम जयभीम.

तुम्ही खरं लिहिलंत, आता माझी पाळी.

तो तक्ता दानिशनं भरलेला नाही. त्यानं मला कोरा दिला आणि म्हणाला, "कुणाला काय द्यायचं ते तुम्ही सांगा, मला तुमची मानसं काय म्हाईत." ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीत बसून मी तो भरला. सगळ्यात वर माझं नाव, सहाही 'हो'. बाकीच्या सुपरवायझरांना तीन-तीन दिले. तुमच्या नावाशी आले तेव्हा वाटलं, मामा म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी बोलायला नको, म्हणून सगळ्यात कमी तुम्हाला दिलं. आणि तुम्हाला लिहिताना नाव दानिशचं पुढं केलं. तुमची नळीची गोष्ट वाचली त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली. तरी मागच्या पत्रात कबूल केलं नाही.

तुमचं पत्र मी सोमवारी आप्पासोंना दिलं. त्यांनी उभ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच बसले. वाचून झाल्यावर म्हणाले, "जुनी रजिस्टरं आन गं." माळ्यावरून पाच-सहा काढली, ७९ सालापासूनची. खिडकीपाशी नेऊन पान तिरकं धरलं, तर प्रत्येक शाईच्या तारखेखाली पुसलेल्या पेन्सिलीचा वळ दिसतो. कुठं दोन दिवसांचा फरक, कुठं आठवड्याचा. आप्पासो पानं उलटत राहिले. "जोतिबा आसता तर ट्रक सुटलाच नसता," म्हणाले. मग रजिस्टर मिटून म्हणाले, "आनि टेकूला पाठ लावून बसल्याला मानूस मी काढाय निघालो व्हतो." मलकापूरचं सेंट्रिंग निजामभाईंचंच आहे. हे त्यांनी स्वतः सांगायला लावलंय.

तुमच्यावर रागावले का? रागावले. "मला का न्हाई सांगितलं त्यानं, मी काय लेकीबाळींचा वैरी हाय का," एवढं दोनदा म्हणाले. ते तुम्ही समोरासमोर मिटवा, माझ्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

मग दानिशला बसवून घेतलं आणि तीन दिवस आम्ही प्रोग्राममध्ये खुडबुड केली. आता प्रत्येक कामापुढं दोन तारखा आहेत. एक पेन्सिलीची, ती पडद्यावर फिकट दिसते. साइटवरच्या कुणालाही ती टाकता येते, पुसता येते, आणि तिच्यामुळं पुढचं काहीच हलत नाही. दुसरी शाईची. ती ज्याचं काम त्यानंच टाकायची, आणि एकदा टाकली की खोडता येत नाही, बदलायची तर खाली कारण लिहावं लागतं. मी दानिशला हे समजावत होते तेव्हा तो म्हणाला, "हे आदी का न्हाई सांगितलं, मी उगंच कुलपं लावत बसलो." मी म्हटलं, मलाच या आठवड्यात कळलं.

आणि एक चौकोन नवा केलाय, टेकू काढण्याचा. तिथं एकवीस दिवस झाले म्हणून मशीन आपण होऊन काही लिहिणार नाही. त्या चौकोनात शाईची तारीख टाकायचा 'हो' दोनच नावांपुढं आहे, जालिंदर आणि निजाम. आप्पासो म्हणाले, "मालकाला तरी सगळीकडं हात घालता आला पायजे." मी म्हटलं, "आप्पासो, ३१ तारखेच्या कागदावर सही तुमचीच होती, आणि छापला मी." तेव्हा ते म्हणाले, "बरं. ऱ्हाऊ दे 'नाही'."

आता घरी जाण्याचं काय ते लिहा.

तुमची,
आम्रपाली


म्हसवड,
८ मार्च

चि. आम्रपालीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र निजामभाईंना वाचून दाखवलं. टेकूला पाठ लावून बसल्याचं आप्पासोंचं वाक्य आलं तेव्हा ते उठून बाहेर गेले आणि उगाचच बादली हलवून आले. परत येऊन म्हणाले, "तवा कंबर धरली हुती, म्हनून बसलो हुतो, त्यांना सांगू नको."

दानिशच्या नावाचं मनावर घेऊ नकोस. मी 'बघतो' म्हटलं, तू 'दानिश' म्हटलंस. एकाच घरातली माणसं आपण.

निजामभाईंना नाव आणि पासवर्ड देताना मजा झाली. मशीनला हात लावायला तयार नव्हते, शेवटी बोटाला रुमाल गुंडाळून बटणं दाबली. पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो हे मी तीनदा बजावलं. ते म्हणाले, "गड्या, नातीचं नाव मी सगळ्या म्हसवडला पेढ्याबरोबर सांगून बसलोय, त्याचं काय करू?" शाहजादी नाव ठेवलं आहे. बाळ आणि फिरदोस दोघी बऱ्या आहेत. पासवर्ड बदलायला सांगितलं तर ऐकत नाहीत, म्हणतात, ज्याला चोरायचा त्यानं आधी येऊन टेकूचा आवाज ओळखून दाखवावा.

पुढच्या आठवड्यात इथलं बाकीचं काम दुसऱ्या सुपरवायझरकडं देऊन आम्ही दोघं मलकापूरला जातो. मशीन लुगड्यासकट जीपमध्ये ठेवलं जाईल. घरी जाईन म्हटलं होतं, तर घरी जातोच आहे, फक्त कामासकट.

आप्पासोंशी फोनवर बोललो. दुकानात सगळे ऐकत होते. ऐकू दिलं.

तुझा मामा,
जालिंदर


सांगली,
५ एप्रिल

ती. मामांना सप्रेम जयभीम.

आज घडलेलं आजच लिहिते, नाहीतर सोमवारी तुम्हाला फोनवर सांगताना मी मध्येच हसेन.

मिरजेच्या नव्या कामाला टेकू हवेत. सकाळी आप्पासो आले आणि म्हणाले, "मलकापूरचा स्लॅब २२ मार्चला पडलाय न्हवं? पंधरा दिस हुत आले. ऊन बी चांगलं हाय. चालतंय, सोमवारी ट्रक सोडू." मी म्हटलं, टेकूचा चौकोन कोरा आहे. "मंग भर," म्हणाले. मी म्हटलं, मला भरता येत नाही. ते खुर्ची ओढून माझ्या जागी बसले, चष्मा लावला आणि स्वतःच्या नावानं आत शिरले. एका बोटानं तारीख टाकली. पीक. "आपणास अधिकार नाही."

ऑफिसात सगळे मान खाली घालून कामाला लागले. आप्पासोंनी पुन्हा टाकली. पुन्हा पीक. मग म्हणाले, "तुज्या नावानं उघड. तुला सगळ्याचा हक्क हाय." मी माझ्या नावानं उघडून दिलं. त्यांनी तारीख टाकली आणि तेच वाक्य आलं. माझ्याकडं वळून म्हणाले, "तू स्वतःला बी दिलं न्हाईस?"

मी म्हटलं, "मी सांगलीत बसते, आप्पासो. मला स्लॅब दिसत नाही."

मी मनातून घाबरले होते, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी फोन ओढला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण पलीकडून तुम्हीच बोलत होतात. "जालिंदरराव, टेकू कवा?" त्यांनी विचारलं आणि ऐकून घेतलं आणि "बरं, बारा" म्हणून ठेवून दिला. तुम्हाला राव म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. ट्रक आता १२ तारखेला सुटेल, तोही तुमचा चौकोन भरल्यावर.

चौदा एप्रिलला आई आणि मी मलकापूरला येतोय. मामीला सांगा, पुरणपोळ्या आईच करणार आहे, वाद नको.

तुमची,
आम्रपाली


मलकापूर,
शनिवार, १२ एप्रिल

चि. आम्रपालीस जयभीम आणि आशीर्वाद.

या शेडमध्ये दोन सुखं आहेत. घरून डबा गरम येतो आणि मशीनवर धूळ कमी बसते. लुगडं तरी पांघरतोच, तुझी मामी म्हणते आता ते त्याचंच झालं.

आज सकाळी एकवीस दिवस पूर्ण झाले. निजामभाई मोगरी घेऊन खालून फिरले, एकेका टेकूवर मारत. मी मागून चालत होतो. या वेळी त्यांनी मला कान लावायला लावला. "ह्यो आईक. आनि आता ह्यो." सत्तावीस वर्षांनी मला थोडा फरक कळल्यासारखा वाटला, किंवा त्यांचं मन मोडू नये म्हणून मी मान डोलवली असेन. सगळा स्लॅब ठोकून झाल्यावर म्हणाले, "व्हय. आता काढू."

शेडमध्ये येऊन मशीन चालू केलं. पेन्सिलीची फिकट तारीख मी आधीच टाकून ठेवली होती, १२. तिच्याशेजारी कोरा चौकोन. निजामभाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. शॉकची भीती जरा कमी झाली आहे. त्यांना मी तुझं मागचं पत्र वाचून दाखवलं होतं, तेच त्यांच्या मनात घोळत असावं.

"ह्या चौकटीत आप्पासोला बी न्हाई?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"आनि तुज्या भाचीला बी न्हाई? चावी तर तिच्याकडंच हाय की."

"तिनंच न्हाई ठेवलं सवताला."

त्यांनी मोगरी खाली ठेवली. म्हणाले, "मंग पोरगी शिकली म्हनायची, जालिंदर."

 तारखेचे आकडे दाबले. मशीननं विचारलं, नक्की? मग मी उठलो, पुन्हा एकदा स्लॅबखाली जाऊन उभा राहिलो, वर बघितलं, आणि परत येऊन शाईची तारीख टाकली.

तुझा मामा,
जालिंदर